किर्वेची मांडी

कह्ता, जिल्हा अद्यामान. शुक्रवार, दिनांक ३० नोव्हेंबर २०१८.

नाव झेकिये टेकदाल, मिनीबसचालक अबुझेर टेकदाल यांची पत्नी. वय ३१ वर्षे. धंदा शिवणकाम. राहणार तंबाखूच्या जुन्या गोदामामागची गल्ली, कह्ता.

मी आज रोजी स्वतः ठाण्यात हजर होऊन, समक्ष विचारल्यावरून सांगते की,

मी वरील पत्त्यावर माझे पती, सासूबाई व दोन मुलगे यांच्यासह राहते. थोरला रोहात सात वर्षांचा असून दुसरीत शिकतो. धाकटा दियार चार वर्षांचा आहे. तो आत्ता माझ्याशेजारी बाकावर बसला आहे. त्याच्या अंगात सुंतेचा पांढरा पोशाख आणि डोक्यावर पिसाची टोपी आहे. आज दुपारच्या नमाजानंतर त्याची सुंता ठरवली आहे, आणि ज्या माणसाने माझ्या रोहातचे वाटोळे केले त्याच माणसाच्या मांडीवर त्याला बसवणार आहेत. ते थांबवावे म्हणून मी आले आहे. बाकी जे सांगते आहे ते त्यासाठीच.

मी बाजारातल्या शिंप्याच्या दुकानात सुंतेचेच पोशाख शिवते. शाळांना उन्हाळ्याची सुटी लागली की आमच्या दुकानात उभे राहायला जागा नसते. तेव्हा सुंता मला नवी नाही, तिच्याविरुद्ध माझे काही म्हणणे नाही, आणि माझ्या मुलांची सुंता होऊ नये असे मी कधीही म्हटलेले नाही. हे लिहून घ्यावे, कारण घरी आता तसेच सांगितले जाईल.

ठाण्याचे साहेब समुद्राकडच्या मुलखातले असल्यामुळे त्यांनी किर्वे म्हणजे कोण असे विचारले. लिहिणारे हवालदार इथलेच आहेत, त्यांना हसू आले. मी साहेबांना सांगितले ते असे. सुंतेच्या वेळी मुलाला जो मांडीवर घेऊन बसतो आणि त्याचे हातपाय धरतो, तो किर्वे. मुलाच्या रक्ताचा थेंब त्याच्या मांडीवर पडला की दोन्ही घरे एका रक्ताची होतात. त्यांच्यात पुढे सोयरीक होत नाही, कारण त्यांची मुले बहीणभाऊ ठरतात. किर्वेशी भांडत नाहीत, त्याच्यावर हात उचलत नाहीत आणि त्याला कोर्टात खेचत नाहीत. खुनाची वैरेसुद्धा आमच्याकडे एकाचा मुलगा दुसऱ्याच्या मांडीवर देऊन मिटलेली आहेत. मुलाचा पोशाख घेण्याचा मान किर्वेचा असतो. रोहातचा पोशाख मी माझ्या हाताने शिवला, पण कापड वक्कासभाऊंनी आणले.

वक्कासभाऊ हे माझ्या पतींचे लष्करातले सोबती. दोघेही कह्ता ते अद्यामान मार्गावर मिनीबस चालवतात. रोहातच्या वेळी मला कळा सुटल्या तेव्हा पती दुसऱ्या टोकाला होते. वक्कासभाऊंनी सगळे उतारू भर रस्त्यात खाली उतरवले आणि मला दवाखान्यात नेले. एक उतारू कुरकुरला तेव्हा त्यांनी त्याला, तुझ्या पोटात कळ आली की तुलाही नेईन, आत्ता उतर, असे सुनावले. मला सख्खा भाऊ नाही. ती जागा मी त्यांना दिली होती. परक्याने फसवले असते तर मी पहिल्याच आठवड्यात इथे आले असते.

या जूनमध्ये शाळेला सुटी लागली तेव्हा रोहातच्या सुंतेचा विषय निघाला. सरकारी दवाखान्यात सर्जनची तारीख थंडीतली मिळत होती. थांबू या असे माझे म्हणणे होते. सासूबाईंचे म्हणणे, पोरगा घोड्याएवढा झाला, गल्लीतली पोरे त्याला चिडवतात, अजून किती थांबायचे. तेव्हा वक्कासभाऊ म्हणाले की, फेवझी नावाचे एक डॉक्टर त्यांच्या ओळखीचे आहेत, औषधांच्या दुकानावर त्यांची खोली आहे, ते घरी येऊन करतात आणि विजेच्या नव्या यंत्राने करतात. टाका नाही, रक्त नाही, दोनतीन दिवसांत पोरगा फुटबॉल खेळतो.

त्यावर सासूबाई म्हणाल्या, "रक्तच नाही तर तू किर्वे कसला होणार रे? मांडीवर काय सरबत सांडून घेणारेस?"

सगळे हसले. मीही हसले. वक्कासभाऊ म्हणाले, थेंबभर ठेवायला सांगतो, मावशी, तुमच्यासाठी. मी त्यांना विचारले की हे डॉक्टर कोणत्या दवाखान्यातले. तेव्हा ते मला म्हणाले, "वहिनी, पोराला माझ्या मांडीवर घेणार आहे ना मी? मग डॉक्टरची चौकशी कशाला करतेस?"

हे बोलणे मला पटले. मांडी किर्वेची असली की हात कुणाचा हे विचारायचे नसते, असेच आमच्यात सगळे धरून चालतात. विचारले तर तो किर्वेचा अपमान होतो. माझ्या पतींनी विचारले नाही, सासूबाईंनी विचारले नाही, आणि मी एकदा विचारून गप्प बसले.

सुंतेच्या दिवशी पुढच्या खोलीत पुरुष होते आणि आम्ही बायका स्वयंपाकघरात होतो. आईने त्या खोलीत जायचे नसते. रोहातचा आवाज बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून ढोलवाला आणि सनईवाला खिडकीखाली उभे केले होते, तशी रीतच आहे. ढोल सुरू झाला, थांबला, आणि पुन्हा सुरू झाला, या वेळी आधीपेक्षा जोरात. एका मुलासाठी दोनदा ढोल वाजवलेला मी कधी ऐकला नव्हता. शेजारणीला मी तसे म्हटलेही. ती म्हणाली, तुझा पोरगा दांडगा आहे, धरायला जड गेला असेल.

मग वास आला. इस्त्री लोकरीवर विसरून राहिली की येतो तसा तो वास होता. त्या वासात मी रोज काम करते, त्यामुळे मला तो लगेच कळला. मी दारापर्यंत गेले. वक्कासभाऊ बाहेर येत होते. त्यांच्या कपाळाला घाम होता, पण जून महिना होता. मी विचारले, हा वास कसला? ते म्हणाले, "पुलाव लागला असेल बघ."

मी मागे फिरून पातेल्याचे झाकण काढून पाहिले. पुलाव लागला नव्हता. पाहुणे जेवायला बसत होते म्हणून मी झाकण ठेवले आणि ताटे वाढायला घेतली.

वक्कासभाऊंनी मांडीवरचा पंचा सगळ्यांना दाखवला. त्यावर रक्ताचा एक ठिपका होता. सासूबाईंनी आनंदाने गलका केला. त्या क्षणापासून आम्ही वक्कासभाऊंना किर्वे म्हणू लागलो आणि त्यांनी मला वहिनी म्हणणे सोडून किर्वे म्हणायला सुरुवात केली. ते मला आवडले होते, हे खोटे कशाला बोलू.

फेवझी हा पांढरा कोट घालून आला होता. जाताना त्याने बजावले की पट्टी आठवडाभर उघडायची नाही, उघडली तर पुढची जबाबदारी त्याची नाही. त्यानंतर किर्वे रोज येत. रोहातसाठी खेळण्यातली बस, चेंडू, द्राक्षाच्या रसाची मिठाई, काय काय आणत आणि त्याच्या उशाशी बसत. मला वाटायचे, किती जीव आहे माणसाचा पोरावर. पट्टीखाली काळे दिसते आहे असे मी एकदा म्हटले तेव्हा त्यांनी ते औषधाचा रंग आहे म्हणून सांगितले. रोहातला ताप आला तेव्हा, सगळ्याच पोरांना येतो, असे सांगितले. आज मला कळते आहे की ते पोराजवळ बसत नव्हते, माझ्यावर पहारा देत होते.

एके सकाळी मी रोहातचे तोंड पुसत होते. तो मला म्हणाला, "आई, तिथं मला आता काहीच कळत नाही. दुखतही नाही." त्याला वाटले मी खूश होईन. मी पट्टी उघडली. काय पाहिले ते मी साहेबांना तोंडी सांगितले आहे. ते लिहून घेऊ नये अशी विनंती केली, कारण रोहात उद्या मोठा होईल आणि हे कागद लोक वाचतात. दवाखान्याच्या अहवालात ते आहे.

मी कुणाला न विचारता रोहातला उचलून टॅक्सीने सरकारी दवाखान्यात नेले. तिथून आम्हाला मोठ्या शहरातल्या दवाखान्यात पाठवण्यात आले. तिथल्या सर्जनबाईंनी रोहातला शस्त्रक्रियेसाठी आत नेले आणि बाहेर आल्यावर मला बाजूला घेतले. त्या म्हणाल्या, हे विजेने भाजलेले आहे, यंत्र फार वेळ आणि चुकीचे धरले गेले आहे. पुढचा भाग वाचवता आला नाही. लघवीची वाट मोकळी करण्यासाठी आणखी शस्त्रक्रिया लागतील, आणि मुलगा वाढेल तशा पुढेही लागतील. भाजल्या दिवशीच आणले असते तर बरेच वाचले असते, असेही त्या म्हणाल्या. सुंता आता फक्त डॉक्टरनेच करायची असा कायदा आहे, हा कोण डॉक्टर, असे त्यांनी विचारले. मी नाव सांगितले. त्यांनी चौकशी केली. फेवझी हा कुठलाच डॉक्टर नाही. पूर्वी तो एका दवाखान्यात मलमपट्टी करत असे. पांढरे कोट आमच्या दुकानातही शिवतात, मापे दिली की कुणालाही मिळतात. दवाखान्याने पोलिसांना कळवले ते तेव्हाच.

रोहात शुद्धीवर आल्यावर त्याने मला त्या खोलीतले सांगितले. मी विचारले नव्हते. तो म्हणाला की यंत्रातून ठिणगी उडाली, तेव्हा पांढऱ्या कोटातले काका घाबरले आणि म्हणाले की थांबतो, याला दवाखान्यात न्यावे लागेल. त्यावर किर्वेंनी त्याच्या डोळ्यांवर हात ठेवला आणि काकांना म्हणाले, "उरकून टाक. बाहेर माणसं जेवायला बसलीत." मग किर्वेंनी खिडकीतून ढोलवाल्याला हाक मारली.

म्हणजे ज्याने भाजले त्याला थांबायचे होते. ज्याच्या मांडीवर मी पोरगा दिला होता त्याने थांबू दिले नाही.

वक्कासभाऊ संत्र्यांची पिशवी घेऊन दवाखान्यात आले तेव्हा मी त्यांना बाहेरच्या जिन्यावर गाठले. मी विचारले की पोरगा जळला हे तुम्हाला त्याच वेळी माहीत होते की नाही. ते आधी म्हणाले, मुलं काहीही सांगतात. मग खाली बसले. म्हणाले, "तुला सांगितलं असतं तर तू बोंब मारली असतीस. फेवझी माझा मेहुणा आहे. बायकोचा सख्खा भाऊ. त्याच्या घरात तीन लहान पोरं आहेत, किर्वे, तो आत गेला तर ती काय खातील?"

फेवझी त्यांच्या बायकोचा भाऊ आहे हे मला तोवर कुणी सांगितले नव्हते. त्यांनी मला पुढे विनवले की, जखम घरी चिघळली असे दवाखान्यात सांग, म्हणजे कुणाचेच काही बिघडणार नाही. मी म्हणाले, माझ्या पोराचं बिघडलंय. त्यावर ते म्हणाले की त्याचं आता बिघडायचं ते बिघडलं. मी संत्री जिन्यावरून खाली ओतली आणि वर निघून आले. त्या दिवसापासून मी त्याला भाऊ म्हटलेले नाही आणि किर्वेही म्हटलेले नाही.

मला त्याच दिवशी ठाण्यात यायचे होते. माझे पती म्हणाले, "तू पोराजवळ बस. ठाण्यात बाईमाणसानं जायचं नसतं. मी देतो तक्रार." ते कह्ताला गेले, दुसऱ्या दिवशी परत आले आणि मला सांगितले की तक्रार दिली, पोलिसांनी सगळे लिहून घेतले, आता कोर्टाचे बोलावणे येईल. मी त्यांच्या हाताचे चुंबन घेतले. किर्वेचे नाव देणे त्यांना किती जड गेले असेल या विचाराने मला त्यांचा फार अभिमान वाटला होता.

त्यानंतर रोहातची आणखी एक शस्त्रक्रिया झाली. तो शाळेत जातो, पण दिवसभर पाणी पीत नाही. पाणी प्यायले की मुलांबरोबर मुतारीत जावे लागते. मी बाटली भरून देते आणि ती तशीच भरलेली घरी येते. मी पतींना अधूनमधून विचारायचे की बोलावणे आले का. ते म्हणायचे की कोर्टाची कामे अशीच चालतात, तुला काय कळतं त्यातलं. मला खरेच कळत नव्हते, म्हणून मी वाट पाहत राहिले.

आज सकाळी दुकानातली अस्तराची कात्री बोथट झाली म्हणून माझी कात्री आणायला मी मधेच घरी गेले. दियार आरशासमोर उभा होता आणि सासूबाई त्याची बटणे लावत होत्या. पोशाख माझ्या दुकानातला नव्हता, कह्तातल्याच कुठल्या दुकानातला नव्हता. कारखान्यातला तयार माल होता, कॉलरच्या फरखाली शिवण नुसती चिकटवलेली. मला कुणी काही सांगायच्या आत समजले. घरात पोशाख आला म्हणजे किर्वे ठरला.

मी विचारले, हा कोणी आणला? सासूबाई बटणे लावत राहिल्या. दियारनेच सांगितले, "फेवझीकाकांनी. ते मला सायकल पण देणार आहेत."

मग सासूबाई बोलल्या. माझ्या मोठ्या दिरांच्या घरी पुरुषांची बैठक झाली होती. फेवझी आला होता, वक्कास आला होता, माझा नवरा होता. असे ठरले की फेवझीने दियारचा किर्वे व्हायचे. या वेळी सुंता खऱ्या दवाखान्यात खरा डॉक्टर करेल, फेवझी फक्त मांडीवर धरेल, म्हणजे पोराला काही धोका नाही. थेंब पडला की फेवझी घरचा झाला, मग कुणी कुणावर काही करायचे राहत नाही. मी विचारले, आणि रोहात? सासूबाई म्हणाल्या, "रोहातचं झालं ते परत येतंय का? दोन घरं जोडली जातायत, त्यात तू मोडता घालू नकोस. आणि तुला संध्याकाळी सांगणारच होतो."

संध्याकाळी म्हणजे थेंब पडून गेल्यावर.

मी दियारचा हात धरला आणि निघाले. सासूबाई दारापर्यंत मागे आल्या, पण गल्लीत आवाज चढवायची त्यांना लाज वाटली. रस्त्यात लोक पोशाख पाहून दियारला थांबवत होते, गाल ओढत होते, देव दृष्टीपासून राखो म्हणत होते. बेकरीवाल्याने त्याच्या हातात तीळ लावलेली पावाची कडी दिली आणि मला विचारले की किर्वे कोण आहे. मी दियारला घेऊन पुढे निघाले.

ठाण्यात येऊन मी साहेबांना विचारले की आमची तक्रार असताना फेवझी मोकळा कसा फिरतो. साहेबांनी मला बसायला सांगितले, पाणी दिले. मग त्यांनी विचारले, "बाई, तुम्ही मुलाच्या जखमेवर गरम कापड का ठेवलं होतं?"

मला प्रश्न समजला नाही. मी म्हणाले, कोणतं कापड? साहेबांनी दाराकडे पाहिले आणि हळू बोलायला लागले. ते म्हणाले की आमची कोणतीही तक्रार ठाण्यात नाही. दवाखान्याने कळवल्यावर त्यांनी अबुझेरला बोलावले होते. मी आत्ता ज्या खुर्चीवर बसले आहे त्याच खुर्चीवर बसून त्याने सांगितले की सुंता अगदी नीट झाली होती, पण त्याची बायको शिवणकाम करते, तिने दुसऱ्याच दिवशी पट्टी उघडली, इस्त्रीने कापड तापवून पोराला शेकले आणि त्यात पोरगा भाजला. बाई अडाणी आहे, वाईट हेतू नव्हता, म्हणून आमची कुणाविरुद्ध तक्रार नाही. वक्कास त्याच्याबरोबर आला होता आणि त्याने, हे मी डोळ्यांनी पाहिले, असे सांगितले.

मला रडू आले नाही. फक्त राग आला, आणि तो अजून आहे.

विचारल्यावरून सांगते की, मी रोहातच्या जखमेवर कापड, राख, तेल किंवा दुसरे काहीही लावलेले नाही. पट्टी मी फक्त एकदा उघडली, दवाखान्यात नेण्याच्या सकाळी. भाजणे विजेचे की इस्त्रीचे हे सर्जनबाई सांगू शकतील, त्यांना विचारावे. रोहातलाही विचारावे, पण एकट्याला, आणि प्रेमाने.

विचारल्यावरून आणखी सांगते की, अबुझेरला हे खोटे आहे हे पक्के माहीत होते. माझे इस्त्रीचे काम त्याच्या घरी चालत नाही, दुकानात चालते. आमच्या घरातली इस्त्री गेल्या वर्षीपासून बिघडलेली आहे आणि ती दुरुस्त करून आण म्हणून मी त्याच्याच मागे लागले होते. खोटे बोलायचेच होते तर त्याने निदान माझ्या धंद्यावर बोलायचे नव्हते. त्याच धंद्यावर आमचे घर दोन हिवाळे चालले, जेव्हा त्याची गाडी बंद होती.

साहेबांनी सांगितले की अशा प्रकरणात सहा महिन्यांत तक्रार आली नाही तर पुढे ती घेता येणे कठीण होते. सुंता जूनच्या शेवटी झाली. डिसेंबर उद्या सुरू होतो. कोर्टाची कामे अशीच चालतात, असे अबुझेर मला का सांगत होता, ते मला तेव्हा कळले.

यानंतर साहेबांनी माझी तक्रार आहे का आणि कोणाविरुद्ध आहे, असे विचारले. मी नावे सांगू लागले तेव्हा लिहिणारे हवालदार थांबले. ते म्हणाले, "वहिनी, मी इथलाच आहे म्हणून सांगतो. किर्वेचं नाव एकदा कागदावर आलं की या गावात ते खोडता येत नाही. तुम्हाला याच गल्लीत राहायचंय." ते वाईट माणूस नाहीत, त्यांनी मला खरे तेच सांगितले. मी त्यांना म्हणाले, "पोरगा मांडीवर देताना मी नातं मानलं. मांडीवर धरून त्यानं पोरगा जाळू दिला तेव्हा नातं कुणी मोडलं? लिहा तुम्ही."

साहेबांनीही विचारले की नवऱ्याचे नाव घालायचेच का, आज रात्री कुठे जाल. मी सांगितले की माझी मावशी अद्यामानला आहे, तिच्याकडे जाईन. रोहात शाळेत आहे. त्याला माझ्याशिवाय कुणाच्याही ताब्यात देऊ नये असे शाळेला कळवावे आणि ठाण्यातल्या बाई पोलिसाने जाऊन त्याला इथे आणावे. दियारची सुंता माझ्या सहीशिवाय कुठल्याही दवाखान्यात होऊ नये. ती मी करवून घेईन, सरकारी दवाखान्यात, तारीख मिळेल तेव्हा, आणि त्याला मांडीवर कुणी धरणार नाही. मी स्वतः शेजारी उभी राहीन.

तरी माझी तक्रार तिघांविरुद्ध आहे. फेवझीने डॉक्टर नसताना डॉक्टर म्हणवून माझ्या मुलाला कायमची इजा केली. वक्कासने ती डोळ्यांसमोर होऊ दिली, लपवली, आणि इलाजाचे दिवस घालवले. हवालदारांनी फेवझीचे नाव वर लिहिले होते. मी त्यांना क्रम बदलायला लावला. फेवझीचा हात चुकला. वक्कासने मेहुण्याला वाचवले. अबुझेरला कुणालाच वाचवायचे नव्हते, त्याला फक्त गावात मान खाली घालायची नव्हती, आणि त्यासाठी त्याने एका मुलाचे जळणे माझ्या हातावर घातले आणि दुसरा मुलगा जाळणाऱ्याच्या मांडीवर द्यायला काढला. त्याचे नाव पहिले लिहावे.

हवालदार हा जबाब मोठ्याने वाचू लागले तेव्हा अबुझेर ठाण्यात आला. त्याने लग्नात घालतो तो कोट घातला होता. दियार बाकावरून उतरून त्याच्याकडे पळाला, मी हाक मारल्यावर परत आला. साहेबांनी वाचन थांबवू का असे मला विचारले. मी नाही म्हणाले. त्यांनी अबुझेरला दाराशी उभे केले आणि हवालदारांना पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचायला लावले. त्याने सगळे ऐकले. मधे एकदा त्याने माझे नाव घेतले, साहेबांनी त्याला गप्प राहायला सांगितले.

मी सांगितले तसेच सगळे लिहिले गेले आहे का, असे साहेबांनी शेवटी मला विचारले. मी अबुझेरकडे पाहून सांगितले की, होय, सगळे खरे आणि बरोबर आहे. मग मी सही केली.